नुरजहाँबायने गाळलेल्या ओळी

तर सोड्यांचा डबा मस्कतला पोचला, इथवर काल आलो होतो.

अर्धा किलो सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, पत्र्याचा डबा, वरून मांजरपाट शिवलेलं आणि त्यावर नुरजहाँबायच्या अक्षरात जावयाचं नाव. आता गंमत बघा. ज्या जावयासाठी सासूने हे सोडे सुट्टीवरून परत जाणाऱ्या माणसाच्या हाती दिले, त्याच जावयाने महिनाभर आधी सासूला चार पानं शिव्या लिहून पाठवल्या होत्या. ते पाकीट मीच पोचवलेलं. सासूला वाचता येत नव्हतं, लेकीलाही येत नव्हतं. दोघी पाकीट घेऊन नुरजहाँबायच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तिने चष्मा लावला, चारही पानं डोळ्यांखालून घातली, आणि घसा खाकरून वाचलं की सासूबायना सलाम, इथल्या जेवणाला चव नाय, त्यांच्या हातच्या सोड्यांची लय आठवण येते.

चार पानांत एवढंच कसं, असं लेकीने विचारलं. त्यावर नुरजहाँबाय म्हणाली, तुझ्या नवऱ्याचं अक्षर मोठं हाय.

पुढे जावयाचं उत्तर आलं. मी तोंडाला येईल ते लिहिलं आणि त्या माउलीने सोडे धाडले, मला लाज वाटते, असं. नुरजहाँबायने तेही वाचलं, पण ‘तोंडाला येईल ते लिहिलं’ आणि ‘लाज वाटते’ तेवढं गाळलं. नाहीतर सासू विचारणार, कसली लाज? सासू मरेपर्यंत जावई तिच्या पाया पडत राहिला आणि तिला कधीच कळलं नाही की हा एवढा का वाकतो.

मी पोस्टमन. शाळा गावातली, सातवीपर्यंत. चाळीस वर्षं बिरवाडीच्या पोस्टातून सायकलीवर टपाल वाटलं आणि आता पोलादपूरला मुलाकडे बसून लोकांची डोकी खातो. महाडच्या बाजूला नदीकाठी जो मोहल्ला आहे, तिथल्या दर घरातला एक तरी माणूस आखातात. माझ्या पिशवीतलं अर्धं वजन त्या एका मोहल्ल्याचं. आणि मोहल्ल्यात उर्दू, मराठी, अरबी तिन्ही वाचणारी बाई एकच. उर्दू शाळेत शिकलेली, अरबी कुराणापुरती. मराठी मात्र लग्नानंतरची. तिचा नवरा मुख्तार ट्रक चालवायचा. त्याच्या मालाच्या बिल्ट्या, मैलाचे दगड, वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत ती मराठी शिकली. पुढे व्हिसाचे फॉर्म भरून भरून इंग्रजीचीही ओळख झाली. मी एकदा तिला म्हटलं, नुरजहाँबाय, तुझ्या डोक्यात पोस्टाचं सॉर्टिंग ऑफिस आहे. ती म्हणाली, पोस्टमन, तुझ्या ऑफिसात टपाल हरवतं, माझ्याकडे नाय.

हे खरं होतं. कोणाच्या नवऱ्याने कुठल्या साली काय लिहिलं, ती तारखेसकट सांगायची. म्हणजे सांगायची नाही, सांगू शकायची. जे वाचून दाखवलं ते सगळ्यांचं, जे गाळलं ते तिच्या एकटीचं. शंभर घरांच्या गाळलेल्या ओळी त्या बाईने पोटात ठेवल्या आणि वर पान खाल्लं.

मोबाइल आले, पत्रं संपली. मुख्तार गेला. मुलगा ताबिश बिरवाडीला टेम्पो चालवतो, कारखान्यांचा माल नेतो. सून अलीशबा शाळेत शिकवते. नुरजहाँबाय सत्तरी ओलांडून चार वर्षं झाली तरी रोज दोन वर्तमानपत्रं वाचायची, एक मराठी आणि एक उर्दू, आणि दोघांतल्या बातम्या जुळत नाहीत म्हणून दोन्ही संपादकांना नावं ठेवायची. मी महिन्यातून एकदा पोलादपूरहून एसटीने जायचो. चहा, गप्पा, सातवीतल्या कवितांच्या भेंड्या. प्रत्येक वेळी मी हरायचो.

तिच्या डोक्यात काही बिघडलंय हे तुम्हाला सांगून पटलं नसतं. मलाही पटलं नाही.

अलीशबाच्या लक्षात आलं ते खजुराच्या बियांवरून. नमाजाच्या वेळी सासू चटईच्या डाव्या बाजूला चार बिया ठेवते आणि नमाजाची एक एक फेरी, रकात, झाली की एक एक बी उजवीकडे सरकवते. साठ वर्षं नमाज पढणाऱ्या बाईला मोजायला बिया कशाला? पोर हुशार. तिने काही विचारलं नाही, बघत राहिली. मग दिसलं की स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या बुडाशी चिठ्ठ्या चिकटवल्यात, उर्दूत. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक मोठा कागद, उर्दूत. अलीशबा मराठी शाळेतली, तिला ते धावतं अक्षर लागेना. तिने फोटो काढून आपल्या वडिलांना पाठवला. त्यांनी वाचून फोन केला.

डब्यांवर साखर, मीठ, रवा. ठीक. कपाटावर लिहिलं होतं: गॅस बंद कर. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, भोंगा वाजत नाही. मुख्तार वारला, विचारू नकोस. आणि सगळ्यात खाली: सुनेचं नाव अलीशबा.

ती मला हे सांगताना हसत होती आणि डोळ्यांना ओढणी लावत होती. काका, म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, मला वाटायचं अम्मी मला लाडाने ‘पोरी’ म्हणतात.

मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं. ताबिशने मला बरोबर घेतलं, कारण अम्मी माझ्याशी भांडत का होईना पण गाडीत बसेल. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने परीक्षा घेतली. एका मिनिटात जेवढी जनावरं आठवतील तेवढी सांगा. नुरजहाँबायने सुरुवात केली ती थांबेचना. भेकर, साळिंदर, घोरपड, उदमांजर, एखादं मराठीत अडलं की उर्दूत, उर्दूत अडलं की हिंदीत. सव्वीस झाली. डॉक्टरीण म्हणाली, मला अठराच आली असती. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो, माझी छाती फुगली. मी ताबिशला कोपराने ढोसलं, बघ, तुझ्या आईला काही झालेलं नाही.

मग मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले. एक साधा, आणि एक असा की माणसाला आत झोपवून काम देतात आणि डोकं कुठे कुठे पेटतं ते बघतात. ते फोटो डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा बघितले. आम्हाला म्हणाले, हा फोटो मला नावाशिवाय दाखवला असता तर मी सांगितलं असतं की या बाईला स्वतःचं घर ओळखता येत नसणार. आणि ही बाई मला सव्वीस जनावरं सांगते.

असं कसं, ताबिशने विचारलं. डॉक्टरांनी नुरजहाँबायलाच विचारलं, तुम्ही महाडच्या ना? काशेडी घाटात दरड पडली तर गाड्या थांबून राहतात का? ती ट्रकवाल्याची बायको. म्हणाली, राहतील कशाला, विन्हेऱ्यावरून फिरून जातात. डॉक्टर म्हणाले, तसंच आहे. तुमचा हायवे कधीच बंद पडलाय. पण तीन लिप्या, चार भाषा, हजारो पत्रं, यातून डोक्याने जन्मभर आडरस्ते बांधून ठेवलेत. गाड्या तिकडून चालल्यात. तुमच्या वयाच्या निरोगी माणसाचं डोकं ज्या कामाला दोन ठिकाणी पेटतं, तिथे तुमचं सात ठिकाणी पेटतंय. दुप्पट तिप्पट मेहनत करून तुम्ही तेच उत्तर देताय, म्हणून बाहेरून कुणाला दिसलं नाही.

मी खूश. खोटं कशाला बोलू, मी त्या खोलीत टाळी वाजवायचाच बाकी होतो. बाई आजाराला उल्लू बनवत होती.

पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, आडरस्ता आडरस्ताच असतो. तो उखडला की पुढे रस्ता नाही. असं डोकं उशिरा हरतं, आणि हरायला लागलं की भराभर हरतं.

नुरजहाँबायने तेव्हा एकच प्रश्न विचारला. गोळ्या किती, बरी होईन का, हे नाही. म्हणाली, “डाक्टर, पोटात ठेवलेलं बाहेर येतं काय?”

डॉक्टरांना कळलं नाही. मग कळलं. म्हणाले, येऊ शकतं. ब्रेक सैल होतात. काल काय झालं ते माणूस विसरतो आणि तीस वर्षांपूर्वीचं, कुणाला न सांगितलेलं, बोलून जातो.

परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसली. माणगावला चहा घेतला नाही. मी दोनतीन किस्से सांगून बघितले, तिने खिडकीकडून तोंड वळवलं नाही.

आठ दिवसांनी तिचा फोन. पोस्टमन, ये. मी गेलो. दुपारची वेळ, सून शाळेत, मुलगा टेम्पोवर. तिने दार लोटून घेतलं आणि मला समोर बसवलं.

“एक पत्र परत घेऊन ये,” म्हणाली.

मला वाटलं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले होते तसं. तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. “येडी नाय झाली अजून. ऐक. मुसैबचं पत्र. सौदीवरून आलेलं, एकोणनव्वद साल, तू पावसात आणलंस, कोपरा भिजलेला.”

मुसैब तिच्या शेजारचा. दम्मामला ट्रेलर चालवायचा. त्याची बायको हलीमा, तिला दोन मुली, आणि त्या श्रावणात तिसरी झालेली. हलीमाने नुरजहाँबायकडून नवऱ्याला पत्र लिहून घेतलं, मुलगी झाली, नाव कळवा. त्याचं उत्तर आलं. हलीमा सव्वा महिन्याची बाळंतीण, पोरीला दुपट्यात गुंडाळून ओट्यावर येऊन बसली. नुरजहाँबायने वाचून दाखवलं की मुलगी म्हणजे अल्लाची रहमत, तिचं नाव अम्बरीन ठेवा, बापाकडून तिच्या कपाळाची पापी घ्या. हलीमा रडली. मोहल्ल्यात साखर वाटली. पुढच्या चैत्रात मुसैबचा ट्रेलर उलटला. तिथेच दफन केला. पोरीला त्याने पाहिलंच नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. साखर मीही खाल्ली होती.

“त्यात नाव नव्हतं,” नुरजहाँबाय म्हणाली.

मग तिने मला ते पत्र सांगितलं, पाठ. तिसरीही मुलगीच झाल्याचं कळलं. तिचं तोंड मला दाखवू नका. नाव काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला विचारू नका. मुलगा झाला तरच पुढचं पत्र टाका. वरचा सलाम सोडला तर चारच ओळी, घाईत लिहिलेल्या. तिच्या समोरच्या फळीवर तेव्हा अंबर अत्तराची कुपी होती. तिच्याकडे बघत तिने अम्बरीन काढलं. तापट माणूस, म्हणाली, सहा महिन्यांनी घरी आला असता आणि पोरीला खांद्यावर घेऊन बाजारात हिंडला असता, असे किती बघितले मी. पण तो आलाच नाय रे. आणि हलीमाने ते पत्र जपून ठेवलं.

ती चूक फक्त आमच्याकडेच होऊ शकते. हलीमाला उर्दू वाचता येत नव्हतं. पोरी मराठी शाळेत गेल्या. कुराणाचा छापील मजकूर वाचतील, पण मुसैबचं ते ओढलेलं, स्वरांच्या खुणा न घातलेलं अक्षर त्यांना लागत नव्हतं. आणि वाचायची गरज कुणाला होती? काय लिहिलंय ते नुरजहाँबायने सांगितलं होतं. तिच्या शब्दावर कुणी दुसरा माणूस आणून पडताळा घेत नसे. म्हणून ज्या कागदावर ‘तिचं तोंड मला दाखवू नका’ लिहिलंय, तोच कागद हलीमाने ट्रंकेत, लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवला. हलीमा गेली. आता तो अम्बरीनकडे.

“पस्तीस वर्षं मला वाटायचं, मी मरेन आणि ते माझ्याबरोबर जाईल. आता मी मरायच्या आधी माझं डोकं मरतंय. कुठल्या दिवशी तोंडातून निघेल मला सांगता येत नाय. निघालं तर निघालं, येडी म्हातारी बरळते म्हणतील. पण कागद हाय ना तिच्यापाशी. ती कुणाकडून वाचून घेईल. कागद नसला तर माझ्या बरळण्याला पुरावा नाय. तू आणलंस, तूच परत आण.”

मी तिला सांगितलं की पोचवलेलं टपाल परत घेता येत नाही. हे मी थट्टेत बोललो. ती थट्टा समजली नाही. तिने माझं मनगट धरलं. त्या बाईने चाळीस वर्षांत मला कधी हात लावला नव्हता.

अम्बरीन पोलादपूरलाच दिलेली. हायवेला तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान, ती स्वतः दवाखान्यात नर्स. मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. मला बघून तिला आनंद झाला, काका म्हणून पाटावर बसवलं, भाकरी खाऊनच जा म्हणाली. मी इकडचं तिकडचं बोलत बोलत वडिलांच्या पत्राचा विषय काढला. कसा काढला ते विचारू नका.

ती लगेच आत गेली आणि घेऊन आली. लॅमिनेट केलेलं. स्वतःच्या मुलीच्या जन्मदाखल्याबरोबर एका फायलीत. भिजलेला कोपरा तसाच, शाई पसरलेली. ती म्हणाली, काका, शाळेत मुली विचारायच्या, तुला वडील नाहीत ना? मी म्हणायची, वडिलांनी सौदीवरून नाव पाठवलं माझं, तुमच्या वडिलांनी पाठवलं का? माझ्या दोन्ही बहिणींची नावं आजीने ठेवली. माझंच अब्बांनी ठेवलं.

माझ्या हातात तो कागद. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, याची झेरॉक्स काढून ठेवायला हवी. ती म्हणाली, न्या ना काका, तुमच्यासारख्या माणसाकडे द्यायला काय हरकत आहे.

बघा, देत होती. मी उठून चालायला लागलो असतो तर सावित्री नदीच्या पुलावरून खाली टाकला असता आणि हरवला म्हणून पाया पडलो असतो. पण चाळीस वर्षं दुसऱ्याचा कागद त्याच्या हातात ठेवायची सवय. मी तो तिच्या हातात परत ठेवला. वर आणखी शहाणपणा केला. ती विचारत होती की आज अचानक पत्राची आठवण का झाली. मला दुसरं काही सुचलं नाही. मी सांगून बसलो की नुरजहाँखालाची तब्येत बरी नाही, विसरायला लागली आहे, तिने आठवण काढली.

अम्बरीन नर्स. तिला सगळं एका वाक्यात समजलं. ती म्हणाली, मग मला लवकर जायला हवं. खालाच्या आवाजात ते पत्र मोबाइलमध्ये भरून घेते. माझ्या मुलीला ऐकवायला. पुन्हा ते कोण वाचणार?

मी नको नको म्हणालो. तिला त्रास होईल, थकते. अम्बरीन म्हणाली, काका, चार ओळी तर आहेत.

नुरजहाँबायला हे सांगताना मी खाली मान घालून बसलो होतो. मला वाटलं शिव्या घालेल. तिने घातल्या नाहीत. म्हणाली, कधी येणार ती? मी म्हटलं, पुढच्या महिन्यात रजा मिळाली की. ती म्हणाली, मग तोवर पाठ करते.

आणि तो महिना मी पाहिला. तिने ते खोटं पत्र उर्दूत लिहून काढलं आणि रोज पाठ करायला बसली. मी दर दोन दिवसांनी जायचो, माझ्यासमोर म्हणून दाखवायची. तिसरी मुलगी झाल्याचं कळलं. मुलगी म्हणजे अल्लाची रहमत. तिचं नाव अम्बरीन ठेवा. बापाकडून कपाळाची पापी. एवढंच. हीच बाई चुलीवर कालवण ठेवून, एका हाताने पोराला थोपटत, परक्याचं चार पानी पत्र वाचता वाचता बदलायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. आता चार ओळींना तिच्या कपाळावर घाम यायचा. ओठ हलायचे, डोळे मिटलेले, हाताची मूठ वळलेली. डॉक्टरांनी फोटोत दाखवलेले ते सातही दिवे पेटलेले मला बाहेरून दिसायचे. तिसरी ओळ आली की अडायची. ‘तिचं’ म्हणायची आणि थांबायची. कारण ‘तिचं’च्या पुढे दोन रस्ते होते, ‘तिचं नाव’ आणि ‘तिचं तोंड’, आणि खरं जे होतं ते जास्त पक्कं होतं.

एकदा म्हणाली, “काय गंमत हाय बघ पोस्टमन. वाचून दाखवलेलं सगळं डोक्यातून चाललं. गाळलेलं तेवढं राहिलं.” मी हसलो, कारण तिने गंमत म्हटलं होतं. मग लगेच तिने मला विचारलं, मुख्तार अजून जेवायला का नाही आला.

मी अलीशबाला सांगून टाकावं का, असं दहादा मनात आलं. अम्बरीनलाच सांगावं, असं दोनदा आलं. पण ते माझं नव्हतं. दुसऱ्याचं पत्र मी कसं फोडू? आणि खरं सांगायचं तर माझ्यात तेवढी छाती नव्हती. मला वाटायचं रजा मिळणार नाही, पाऊस लागेल, रस्ता बंद होईल. त्या वर्षी रस्ता बंद झाला नाही.

रविवारी सकाळी अम्बरीन आली. मी आधीच जाऊन बसलो होतो. देवाची मेहरबानी म्हणा, नुरजहाँबायची सकाळ चांगली होती. पान लावलेलं, केस विंचरलेले. दारातून पोरगी आत आली तशी म्हणाली, आली काय गो हलीमाची? पावसात भिजलीस काय? माझा जीव भांड्यात पडला. अलीशबाने खुर्ची दिली, चहा टाकायला आत गेली. नुरजहाँबायच्या मांडीवर, पदराखाली, तिने स्वतः लिहिलेला कागद होता. वाचताना डोळे तिकडे ठेवायचे, असं आमचं ठरलेलं.

अम्बरीनने मोबाइल स्टुलावर उभा केला आणि ते लॅमिनेट केलेलं पत्र खालाच्या हातात दिलं.

त्या चकचकीत कागदावर हात पडताच नुरजहाँबायचा चेहरा बदलला. जुना ओळखीचा माणूस भेटावा तसा. तिने चष्मा वर सारला, घसा खाकरला, पूर्वी खाकरायची तसाच. आणि वाचायला लागली. हलीमाला मुसैबचा सलाम. तुझं पत्र मिळालं. तिसरी मुलगी झाल्याचं कळलं. आवाज अगदी खणखणीत. अम्बरीनने दोन्ही हात छातीशी धरले होते.

तिचं, असं नुरजहाँबाय म्हणाली, आणि थांबली.

मी मनातल्या मनात नाव नाव नाव म्हणत होतो. तिच्या कपाळावर घाम आला. तिने मांडीवरचा कागद चाचपला, तो घसरून खाली पडला. मी पटकन उचलून तिच्या हातात दिला. आता तिच्या दोन हातांत दोन कागद. दोन्ही उर्दूत, दोन्हींवर चार ओळी. ती याच्याकडे बघायची, मग त्याच्याकडे. कुठला वाचायचा आणि कुठला लपवायचा, ते तिला आठवेना. मी काही बोलू शकत नव्हतो. बोललो असतो तर अम्बरीनला कळलं असतं. मी नुसता तिच्या हातातल्या साध्या कागदाकडे बघत राहिलो, डोळे फाडून, की माझी नजर बघून तरी तिला समजेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते तिला कळलं नाही.

मग तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवून पालथे केले. दाराकडे पाहिलं. तिथे ओट्यावर कुणी नव्हतं. तिची नजर फिरून अम्बरीनवर आली. ओळख नसलेल्या, पण विश्वासू वाटणाऱ्या एखाद्या बाईकडे बघावं तशी नुरजहाँबाय तिच्याकडे बघत होती.

अम्बरीन पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, “खाला, वाच ना गो पुढे. माझ्या नावाचं लिहिलंय ना तिथे?”

नुरजहाँबायने तिचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणून म्हणाली:

“हळू बोल गो, हलीमा बाहेर ओट्यावर बसलीय पोरीला मांडीवर घेऊन, तिच्या कानावर जाईल. नाव कुठलं लिवलंय मुसैबने? लिवलंय, तिसरीचं तोंड मला दाखवू नका. तू कोण हायस ती हायस, पण त्या बाळंतिणीला हे सांगू नको हां, तुला कसम हाय. मी सांगते तिला, बापानेच नाव पाठवलंय म्हणून. जरा थांब, आधी एखादं चांगलं नाव आठवू दे मला.”